ईएससीचा दिवा लागला? सेन्सर विकत घेण्याआधी या चुका टाळा

विश्वामित्री नदीचं पाणी रस्त्यावर आलं, गाडी त्यातून काढली आणि दोन दिवसांनी डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा, म्हणजे ईएससीचा (गाडी घसरताना सावरणाऱ्या यंत्रणेचा), लागला, की बडोद्यात पहिला सल्ला ठरलेला: "चाकाचा सेन्सर गेला, बदला." बदलून झाल्यावर दिवा पुन्हा लागतो, कारण बिघाड सेन्सरमध्ये नव्हताच.

आधी दिवा नीट बघा. ओल्या रस्त्यावर क्षणभर लुकलुकला तर यंत्रणा आपलं काम करतेय. सतत जळत राहिला तर बिघाड आहे. त्याखाली 'ऑफ' लिहिलेलं असेल तर बटण चुकून दाबलं गेलंय का, ते पाहा. सोबत एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि लाल ब्रेकचा दिवाही असेल, तर ब्रेक ऑइल बघा आणि गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

बॅटरीची तार काढून दिवा घालवायचा उपाय बरेच जण करतात. बहुतेक गाड्यांत बिघाडाचा साठवलेला कोड त्याने पुसला जात नाही आणि काहींत स्टीअरिंगच्या कोनाची नोंद जाऊन नवाच कोड येतो. त्यापेक्षा बॅटरी मोजा: बंद गाडीत साधारण 12.4 ते 12.6 व्होल्ट, इंजिन सुरू असताना बहुतेक गाड्यांत 13.5 ते 14.5. व्होल्टेज कमी असलं की सगळे सेन्सर ठीक असूनही कोड येतात.

कोड वाचायला स्कॅनर लागतो, पण स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतो. एबीएस मॉड्यूल (ब्रेक यंत्रणेचा कंट्रोल बॉक्स) वाचू शकणारा स्कॅनर हवा. पुसण्याआधी सगळे कोड लिहून ठेवा, इंजिनाचेही. इंजिन मिसफायर करत (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसेल) तरी अनेक गाड्या ईएससी बंद करतात. तिथे चाकं तपासण्यात दिवस जातो.

आता मुख्य चूक. सी0035 म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. त्यात सेन्सर, तार, कनेक्टर आणि बेअरिंगवरची रिंग (जिच्यावरून सेन्सर चाकाचा वेग ओळखतो) सगळं आलं. सरळ मोकळ्या रस्त्यावर ताशी 20-30 किमीच्या वेगात, शेजारच्या माणसाकडे स्कॅनर देऊन, चारही चाकांच्या वेगाचे आकडे एकत्र बघायला सांगा. एक आकडा खड्ड्यात किंवा स्टीअरिंग वळवताना तुटत असेल तर तारेवर संशय घ्या: शॉकअ‍ॅबसॉर्बरजवळ ती सतत वाकते आणि वरचं रबर शाबूत राहून आतून तुटते. हळू वेगात लवकर शून्यावर पडत असेल तर सेन्सरचं टोक आणि रिंग बघा, गंज किंवा लोखंडी कीस चिकटलेला सापडतो. सतत थोडा जास्तच दाखवत असेल तर त्या टायरची हवा आणि साइज तपासा. पुराच्या पाण्यानंतर कनेक्टर उघडून हिरवा गंज शोधा. तो न काढता नवा सेन्सर लावला तर पैसे वाया.

नव्या गाड्यांतल्या दोन तारांच्या अ‍ॅक्टिव्ह सेन्सरला (ज्याला चालायला वीज लागते) ओहम मीटर लावू नका. त्यातून निदान होत नाही, उलट सेन्सर खराब होऊ शकतो. कनेक्टर काढून, किल्ली ऑन करून, हार्नेसच्या (गाडीकडून येणाऱ्या तारांच्या) बाजूला साधारण 12 व्होल्ट येतात का ते बघा. न आले तर दोष तारेत, फ्यूजमध्ये किंवा मॉड्यूलमध्ये. बेअरिंग नुकतंच बदललं असेल तर चुंबकीय रिंगची बाजू उलटी तर बसली नाही ना, हे पहिलं विचारा. उलटी बसली की त्या चाकाचा वेग दिसतच नाही, आणि बिचारा सेन्सर फुकट बदलला जातो.

अलाइनमेंटनंतर दिवा लागला तर स्टीअरिंग सरळ ठेवून स्कॅनरच्या लाइव्ह डेटात (चालू आकड्यांत) स्टीअरिंगचा कोन बघा. शून्याच्या जवळ नसेल तर आधी अलाइनमेंट नीट करून घ्या, मग सपाट जागेवर स्कॅनरने झीरो करा. उताराच्या जागेवर केलेलं कॅलिब्रेशन यॉ आणि जी सेन्सरलाही (गाडीचं फिरणं आणि झोक मोजणारे) चुकीचा धडा देतं.

एबीएसच्या पंप आणि मॉड्यूलकडे सर्वांत शेवटी या. नव्या युनिटला कोडिंग लागतं आणि आत अडकलेली हवा अनेक गाड्यांत स्कॅनरने व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय पूर्ण निघत नाही.