मेडिकल आणि नर्सिंगची मुलं एकत्र जामखेडला नेताना

सगळ्यात आधी नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांचं लेखी पत्र. गावातले दिवस क्लिनिकल तासांत धरले जातील आणि त्या दिवसांत वॉर्ड ड्युटी लागणार नाही, या दोन गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात. फोनवरच्या ‘हो, पाठवू’वर विसंबू नका. आदल्या दिवशी ड्युटीचा तक्ता लागतो आणि बस फक्त एमबीबीएसच्या मुलांना घेऊन निघते. गेल्या वेळी तसंच झालं.

तिकिटं, औषधांची पेटी, ओळखपत्रं, नेहमीचंच. परदेशी विद्यार्थी बरोबर असतील तर त्यांनी बघायचं, विचारायचं, रुग्णाला हात लावायचा नाही, हे ते यायच्या आधीच कळवा.

वाचायला थोडंच द्या, पण दोघांना तेच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. प्राथमिक आरोग्यसेवा सगळ्यांपर्यंत पोचवा, असं जगाला सांगणारा अल्मा-आताचा जाहीरनामा आला त्यानंतर, १९७८ मध्ये. हे माहीत नसलं की मुलं आरोग्यसेविकेलाच शिकवू लागतात. शिकायचं तिच्याकडून आहे!

जोड्या निघण्यापूर्वीच लावा, एक मेडिकल, एक नर्सिंग. घरात शिरल्यावर मेडिकलचा बोलतो आणि नर्सिंगची लिहून घेते, हे आपोआप होतं. म्हणून पहिल्या घरापासून आलटून पालटून. बाळंतिणीच्या घरी आशाताईंबरोबर पाठवा. त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात, त्याप्रमाणे तारखा जुळवा. बाळाचे श्वास दोघांनी आपापले, पूर्ण मिनिटभर मोजायचे, मग आकडे ताडून बघायचे. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हा तेच आले तर लगेच आशाताईंना सांगायचं. तिथे कोण डॉक्टर होणार, कोण नर्स, हे मागे पडतं आणि दोघंही बाळाकडे बघू लागतात. न्यायचं ते याचसाठी.

नर्सिंगच्या ट्यूटर हव्यातच, मुलींवर लक्ष ठेवायला नव्हे, दोन्हीकडच्या मुलांना शिकवायला.

पत्र आलं का? एक प्रत मेट्रनकडे स्वतः नेऊन द्या. प्राचार्यांच्या टेबलावर राहिलेल्या पत्राने ड्युटी रद्द होत नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात तक्ता डोळ्यांनी बघून या.

गावात ॲप्रन नको. विचारल्याशिवाय फोटो नको. रोज संध्याकाळी तासभर चर्चा. परतल्यावर सादरीकरण जोडीनेच. लॉगबुकवरच्या सह्या निघण्याआधी तिथेच घ्या.