स्विंडनजवळचा रिजवे: माउंटन बाइक घेऊन माथ्यावर जाण्यापूर्वी

इंग्लंडमधील स्विंडनमध्ये नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या मराठी आणि गोमंतकीय कुटुंबांत ज्यांना सायकलची आवड आहे, त्यांनी आपला पहिला उन्हाळा शहराच्या दक्षिणेकडील टेकड्यांवर घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. बरेच जण थेट आखीव ट्रेल असलेल्या जंगलात जातात. ब्रॅकनेलजवळच्या स्विनली फॉरेस्टमध्ये हिरवा, निळा, लाल असे काठिण्यानुसार रंग दिलेले ट्रेल आहेत आणि वळणे व उतार शिकण्यासाठी ते उत्तम आहेत, यात शंका नाही. परंतु तिथे फक्त सायकल चालवता येते. या देशाच्या ग्रामीण भागात कसे वावरावे, हे तिथे कळत नाही. ते शिकायचे असेल तर रिजवेवर जायला हवे.

रिजवे ही एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत जाणारी सुमारे १३९ किलोमीटरची वाट आहे. तिला १९७३ मध्ये राष्ट्रीय पायवाटेचा दर्जा मिळाला, मात्र माणसे आणि गुरे या माथ्यावरून हजारो वर्षांपासून ये-जा करत आली आहेत. सायकलस्वारांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिचा पश्चिमेकडील अर्धा भाग. ओव्हरटन हिल ते थेम्सकाठचे स्ट्रीटली या टप्प्यात तुम्हाला सायकलवरून जाण्याचा हक्क आहे. थेम्स ओलांडल्यावर मात्र वाटेचे बरेच तुकडे केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहेत आणि तिथे सायकलसाठी वेगळा मार्ग शोधावा लागतो.

हा हक्काचा मुद्दा नीट समजून घेतल्याशिवाय सायकल बाहेर काढू नये. सह्याद्रीत आपण पायवाट दिसली की पाऊल टाकतो. गावकऱ्याला विचारले की तोच पुढची वाट दाखवतो. इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक शेत, कुरण आणि रान कोणाच्या तरी मालकीचे असते आणि त्यातून जाणाऱ्या वाटांवर कोणी कसे जायचे, हे कायद्याने ठरलेले असते. पाटीवर पिवळा बाण असलेली वाट पायी चालणाऱ्यांची. तिथे सायकल चालवण्याचा हक्क नाही आणि जमीनमालक तुम्हाला परत पाठवू शकतो. निळा बाण म्हणजे ब्रिडलवे, जिथे चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार तिघेही जाऊ शकतात. जांभळ्या बाणाची वाट घोडागाडीलाही खुली असते आणि लाल बाणाच्या वाटेवर मोटारवाहनेही येऊ शकतात. ब्रिडलवेवर सायकल नेण्याचा हक्क १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने दिला आणि त्याच कायद्यात एक अटही घातली: चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना सायकलस्वाराने वाट द्यायची. म्हणजे समोरून कोणी आले तर थांबायचे तुम्ही, त्यांनी नव्हे. ही व्यवस्था इंग्लंड आणि वेल्सची आहे; स्कॉटलंडमध्ये नियम निराळे आहेत.

बाणांच्या पाट्या कधी झाडीत झाकलेल्या असतात, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशाची सवय लावून घ्यावी. त्यावर पायवाटा हिरव्या आखूड तुटक रेषांनी आणि ब्रिडलवे हिरव्या लांब तुटक रेषांनी दाखवलेले असतात. मोबाइलवरील सर्वसाधारण नकाशे हा फरक दाखवतीलच असे नाही. नवी सायकल घेण्याआधी हा नकाशा घ्या आणि एखादी संध्याकाळ तो जेवणाच्या टेबलावर पसरून आपल्या घरापासून माथ्यापर्यंत बोट फिरवत न्या. माझ्या मते यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

आता घोड्यांविषयी, आणि इथे मी थोडे सविस्तर लिहितो. रिजवेच्या दक्षिणेला लॅम्बर्न हे गाव आहे, जिथे शर्यतीचे घोडे तयार केले जातात. आसपासच्या टेकड्यांवर हिरवळीचे लांबच लांब, सपाट पट्टे दिसतात. ते घोड्यांच्या सरावाचे गॅलप आहेत. ते कितीही मोहक वाटले तरी त्यांवर चाक घालायचे नाही, कारण मऊ गवतात उमटलेली एक चाकोरी भरधाव घोड्याचा पाय मोडायला पुरेशी ठरू शकते. वाटेवर घोडेस्वार दिसला की लांबूनच वेग कमी करावा आणि मागून येत असाल तर घंटी न वाजवता मोकळ्या, शांत आवाजात ‘हॅलो, बाइक बिहाइंड यू’ असे म्हणावे. माणसाचा आवाज ऐकला की घोड्याला मागे माणूस आहे हे उमगते, नुसत्या चाकांच्या सळसळीने मात्र तो बुजतो. स्वाराने खूण केल्यावरच भरपूर अंतर ठेवून सावकाश पुढे जावे. घोडा अस्वस्थ दिसला तर उतरून उभे राहावे.

फाटकांचेही तसेच. ब्रिडलवेवरील फाटकाला बहुधा एक उंच दांडा असतो, जेणेकरून घोड्यावर बसल्या बसल्या कडी उघडता यावी. हे फाटक आपोआप मिटण्यासाठी किंचित कललेले असते, त्यामुळे सायकल आत घेताना ते परत येऊन मागच्या चाकावर आदळते. दांडा एका हाताने ओढून फाटक कमरेने अडवून धरावे आणि दुसऱ्या हाताने सायकल पुढे ढकलावी. फाटक जसे सापडले तसेच सोडायचे: बंद असेल तर बंद, शेतकऱ्याने मुद्दाम उघडे ठेवले असेल तर उघडे. कुरणात वासरांसह गायी असतील तर त्यांच्यामधून न जाता वळसा घालावा, मग वाट थोडी सोडावी लागली तरी चालेल.

या टेकड्या चॉकच्या, म्हणजे खडूसारख्या मऊ पांढऱ्या चुनखडकाच्या आहेत. उन्हाळ्यात वाट कोरडी, टणक आणि वेगवान असते; पाऊस पडला की तोच चॉक शेवाळलेल्या पायरीसारखा निसरडा होतो आणि ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्यांत चाक अडकले की तोल सावरणे कठीण जाते. चाकोरीत शिरलात तर शेवटपर्यंत तिच्यातच राहावे. मध्येच हँडल वळवून बाहेर पडण्याचा प्रयत्न करू नये. चॉकमधील गारगोटीच्या तुकड्यांना काचेसारखी धार असते. शिवाय सप्टेंबरपासून शेतकरी बांधावरची कुंपणे छाटतात, तेव्हा हॉथॉर्नचे काटे वाटभर पडतात. या दोन्हींवर उपाय म्हणजे ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव. तरीही एक जादा ट्यूब व पंप जवळ असू द्यावा. नोव्हेंबर ते मार्च या काळात चिखलामुळे वेळ दुप्पट लागू शकतो, आणि डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. पुढे पांढरा व मागे लाल दिवा अंधारात कायद्याने आवश्यक आहे.

माथ्यावर पाणी सहसा मिळत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. चॉक पावसाचे पाणी शोषून घेतो आणि ते टेकडीच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच बिशपस्टन, ॲशबरी, वूलस्टन ही गावे एका ओळीत पायथ्याशी वसली आहेत आणि माथा जवळजवळ निर्मनुष्य आहे. दुकान, पब किंवा पाणी हवे असेल तर बहुधा खाली उतरावे लागते आणि पुन्हा तोच चढ चढावा लागतो. तेव्हा दोन लिटर पाणी आणि खाण्याचे घरूनच न्यावे. गावातल्या पबमध्ये जेवणार असाल तर दुपारचे स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होऊ शकते, हे ध्यानात घेऊन आधी फोन करावा. चिखलाचे बूट दाराबाहेर काढले की कोणीही तोंड वाकडे करत नाही. शाकाहाऱ्यांसाठी पाव, चीज आणि लोणच्याची थाळी, म्हणजे चीज प्लाउमन्स, बऱ्याच ठिकाणी मिळते.

सायकल फार महागडी लागत नाही. पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल या वाटेला पुरते. तुमची कंपनी ‘सायकल टू वर्क’ योजनेत असेल तर करपूर्व पगारातून हप्ते कापले जातात आणि चांगली बचत होते. एचआरकडे चौकशी करावी. जुनी घेणार असाल तर फ्रेमवरचा क्रमांक बाइकरजिस्टर या सायकल-नोंदणीच्या यादीत तपासावा, म्हणजे चोरीची सायकल गळ्यात पडणार नाही. इलेक्ट्रिक सायकल २५० वॉटपर्यंतची आणि ताशी १५.५ मैलांवर मोटरची मदत थांबवणारी असेल तर ब्रिडलवेवर चालते. मर्यादा काढून टाकलेली सायकल कायद्याने मोटारवाहन ठरते.

पहिल्या फेरीसाठी मे किंवा जूनमधला, दोन-तीन दिवस पाऊस न पडलेला एखादा दिवस निवडा. स्विंडनहून वॅनबरोमार्गे फॉक्सहिलला चढा आणि तिथून रिजवे धरून पूर्वेला निघा. आठ-नऊ किलोमीटरनंतर अफिंग्टनचा गडकोट येतो. त्याच्या थोडे अलीकडे, वाटेच्या डाव्या हाताला बीचच्या झाडांत वेलँड्स स्मिदी ही नवाश्मयुगीन समाधी आहे. तिथे सायकल बाहेर ठेवून पायी आत जावे. गडाजवळच उतारावर कोरलेला सुमारे ११० मीटर लांबीचा पांढरा घोडा आहे, जो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. गडाचे तट आणि घोड्याची आकृती या दोन्ही ठिकाणी सायकल नेऊ नये.

घरी परतल्यावर गुडघ्यामागे, कमरेजवळ आणि मुलांच्या केसांच्या कडेला गोचीड तपासावी. उंच गवतातून ती चिकटते आणि तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर, सावकाश ओढून काढावी. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल पसरणारा लाल चट्टा दिसला, तर जीपीला, म्हणजे आपल्या नोंदणीच्या डॉक्टरांना दाखवावे किंवा एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) १११ या क्रमांकावर फोन करून गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे.