युद्धछावणीतली नोकरी : रॉकेटच्या आधी कागद

अफगाणिस्तानातल्या, तेव्हा अमेरिकी सैन्याकडे असलेल्या बगराम हवाई तळावर मी 2011 ते 2013 स्टोअरकीपर होतो. खासगी कंत्राटदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदूकवाला गार्ड येतो. सप्टेंबर 2007 मध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या गार्डांनी 17 इराकी मारले, तेव्हापासून तर तोच अर्थ चिकटला. आमच्यातले बहुतेक मात्र स्वयंपाकी, धोबी, जनरेटरचे मेकॅनिक, शौचालयांच्या टाक्या उपसणारे. आम्हाला तिथे टीसीएन म्हणत, म्हणजे ना अमेरिकी ना अफगाण, तिसऱ्या देशातून आलेले.

जायचं ठरवलं असेल तर सगळ्यात आधी शोधा, आपला मालक नक्की कोण. सैन्य मोठं कंत्राट मोठ्या अमेरिकी कंपनीला देतं, ती उपकंत्राट देते, उपकंत्राटदार माणसं पुरवणाऱ्याला गाठतो आणि तो एजंटला. माझ्या करारावर एका कंपनीचं नाव होतं, बॅजवर दुसरीचं, पगार तिसरीच पाठवायची. एजंटनं सांगितलेल्या पगारातले दीडशे डॉलर वाटेतच गळाले. तक्रार कुणाकडे करायची, हे कळायलाच चार महिने गेले. पासपोर्टही 'सुरक्षित राहील' म्हणून काढून घेतला होता. अमेरिकी सरकारच्या कंत्राटांत कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवायला आणि भरतीसाठी त्याच्याकडून पैसे उकळायला बंदी आहे, ती उपकंत्राटदारालाही लागू. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. करारात कामाचा देश आणि ठिकाण लिहिलेलं नसेल तर विमानात चढू नका. जॉर्डनमधल्या नोकरीचं आश्वासन देऊन इराककडे नेलेल्या 12 नेपाळी कामगारांना ऑगस्ट 2004 मध्ये ओलीस धरून मारण्यात आलं.

आता रोजचं. बारा तासांची शिफ्ट, आठवड्याचे सातही दिवस. शुक्रवार की मंगळवार, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरच बघायचं. प्लायवूडच्या खोलीत आठ जण, त्यात दोघे रात्रपाळीवाले, म्हणून कुजबुजत बोलायची सवय लागते. अंधार पडला की चमकणारा पट्टा अंगावर हवाच, नाहीतर कुणीही हटकतं. कचरा उघड्यावर जाळत, वारा फिरला की तो धूर थेट गोदामात. दारूला सक्त मनाई. मुख्य रस्त्याचं नाव डिस्ने ड्राइव्ह, ते कार्टूनवरून पडलं असेल असं मला बरेच दिवस वाटायचं. 2002 मध्ये तिथेच अपघातात गेलेल्या जेसन डिस्ने या सैनिकाचं ते नाव.

रॉकेट हल्ल्याचा सायरन झाला की पळायचं नाही. असाल तिथे पालथं पडायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग बंकर गाठायचा आणि 'ऑल क्लिअर', म्हणजे धोका टळल्याची सूचना, होईपर्यंत आत बसायचं. पहिले पंधरा दिवस छातीत धडधडतं. दुसऱ्या महिन्यात लोक सायरनला नुसती कूस बदलतात. मीही बदलायचो. एकदा रॉकेट आमच्या रांगेपलीकडे पडलं आणि सकाळी भिंतीतली भोकं मोजताना पाय लटपटले, तेव्हापासून मुकाट्यानं खाली पडू लागलो.

पण माणसं जास्त जायबंदी झालेली मी पाहिली ती फोर्कलिफ्ट आणि पॅलेटमुळे. माझ्या शिफ्टमधल्या एकाची दोन बोटं चेंगरली. सुपरवायझरनं गोळी दिली, नोंद केलीच नाही आणि आठवड्याभरात त्याच्या परतीचं तिकीट काढलं. 1941 च्या अमेरिकी कायद्याचा, म्हणजे डिफेन्स बेस अ‍ॅक्टचा विमा अशा कामगारालाही मिळतो, राष्ट्रीयत्व कुठलंही असो. इजा झाल्यावर 30 दिवसांत मालकाला लेखी कळवायचं आणि वर्षाच्या आत अमेरिकेच्या कामगार खात्याकडे दावा टाकायचा. तो हे खोलीतल्या कुणाकडून तरी ऐकून होता. निघायच्या आदल्या रात्री त्यानं माझ्याकडून बॅजचे, ड्युटीच्या तक्त्याचे आणि बँडेज उघडून हाताचे फोटो काढून घेतले. दावा टाकताना त्याच्याकडे पुरावा म्हणून तेवढंच होतं.