चादरीवर नाव कुणाचं? घरातल्या माणसांच्या कलेचं कौतुक कसं करावं

माझे वडील सोलापुरी चादरींची नक्षी काढायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात 35 वर्षं ते ग्राफच्या कागदावर चौकोन भरत बसले. त्यांचे मोर, कमळं, वेलबुट्ट्या किती घरांत अंथरल्या गेल्या याची मोजदाद नाही. चादरीवर कारखान्याचं लेबल असतं आणि गावाचं नाव असतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण मोर कुणी काढला, हे त्या चादरीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

बाहेरच्यांनी नाही लिहिलं ते नाही, पण मी तरी कुठे विचारलं होतं? लेकीच्या शाळेतल्या चित्राला मी फ्रेम करून घेतली आणि अण्णांचे ग्राफ माळ्यावर रद्दीशेजारी पडून होते. ही खंत लागून राहिली. तिच्यातूनच आमच्या घरात गेल्या नऊ वर्षांपासून एक रीत पडली आहे. ती कशी करतो हे सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हालाही तुमच्या घरी करता येईल.

सुरुवात एका साध्या वहीपासून करा. घरात आणि मैत्रीत कोण काय करतं, ते वर्षभर त्यात टिपत राहा. फक्त गाणं, चित्र, नाटक एवढंच धरू नका. आमच्या वहीत आत्याच्या वाकळा आहेत, शेजारच्या अक्कांची रांगोळी आहे, मावसभावाने लग्नात वाजवलेली हलगी आहे, आणि ज्यांच्या कडक भाकरीला कधी चीर जात नाही अशा एक काकू आहेत. जिथे हात आणि डोकं दोन्ही लागतं आणि माणूस ते मनापासून करतो, ते सगळं वहीत येतं. तारीख टाका. सहा महिन्यांनी ‘ती वाकळ कधी केली होतीस गं?’ असं विचारलं तर तिलाही आठवत नाही.

त्यानंतरची पायरी प्रश्नांची आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठी हीच. ‘छान’, ‘मस्त’, ‘लई भारी’ हे शब्द आपण सवयीने टाकतो. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, पण आपण नीट पाहिलं की नाही हेही त्याला लगेच कळतं. त्याऐवजी कामातली एक जागा बोटाने दाखवून विचारा. हा रंग इथेच का थांबवलास? यातलं काय उसवून पुन्हा केलंस? कुठे अडलं होतं?

अण्णांच्या बाबतीत हे कसं झालं ते सांगते. माळ्यावरून ग्राफ काढले तेव्हा एका कागदावर मधला भाग गच्च भरलेला आणि कडेचा बराच मोकळा दिसला. मी विचारलं, ‘अण्णा, कड रिकामी का सोडली?’ त्यांनी चष्मा लावला, कागद खिडकीपाशी नेला आणि म्हणाले, ‘गिऱ्हाईक चादर पलंगावर बघतंय का? ते दुकानात घडीत बघतंय. घडी घातल्यावर वर काय येतंय, ते आधी ठरवायचं. मोर घडीवर यायला पाहिजे.’ मग त्यांनी कागदाची घडी घालून दाखवली. मोराची मान बरोबर वर आली. इतकी वर्षं मी चादरींच्या थप्प्या पाहत आले होते, पण घडीवरचा मोर तिथे कुणीतरी ठरवून बसवलेला असतो हे मला त्या दिवशी कळलं.

त्या एका प्रश्नानंतर अण्णा दीड तास बोलले. ग्राफवरचा एकेक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांना भेटतात ती जागा. चौकोन भरला की उभा धागा वर उचलायचा, मोकळा ठेवला की खाली ठेवायचा. त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडायची, त्याला पंचिंग म्हणतात. साधारणपणे एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. ते सगळे पुठ्ठे दोरीने ओवून जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायचे, मग माग पुठ्ठ्यावरची भोकं वाचत चालतो. एक पुठ्ठा उलटा लागला तर मोराच्या मानेला आडवा ओरखडा येतो. शिवाय चादर दोन्ही बाजूंनी अंथरता यायला हवी. पुढून लालावर पांढरा मोर असेल तर मागून पांढऱ्यावर लाल दिसतो, म्हणून नक्षी काढताना मागची बाजूही डोक्यात ठेवावी लागते. हे सगळं मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं आहे. तुम्हीही ठेवा. फोन समोर धरू नका, माणूस अवघडतो. विचारून घ्या आणि मग तो ताटाशेजारी पालथा ठेवून द्या. पंखा बंद करा, नाहीतर नंतर फक्त घरघर ऐकू येते.

परवानगीचं तर कधीच विसरू नका. दिराची मुलगी कविता लिहिते. एकदा तिच्या वहीतली एक कविता मला फार आवडली. मी फोटो काढला आणि तिला न विचारता कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. कौतुकाचे चाळीसेक अंगठे आले. ती मात्र दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही, कारण ती कविता तिने एका मैत्रिणीसाठी लिहिली होती आणि ती अजून पुरीही झाली नव्हती. मी तिची माफी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: काय दाखवायचं, कुणाला दाखवायचं आणि नाव कसं लिहायचं, हे करणाऱ्याने ठरवायचं. कुणी ‘नको’ म्हणालं तर ‘का’ असं विचारायचं नाही.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. आमच्याकडे जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला सगळे पाहुणे येतातच. अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम आणि गड्ड्यावरचे, म्हणजे यात्रेच्या मैदानातले, पाळणे यात दिवस जातात. त्यातली एक संध्याकाळ आम्ही घरासाठी राखून ठेवतो. वेगळं आमंत्रण नाही, हॉलचं भाडं नाही. तुमच्याकडेही माणसं आपोआप जमतात असा एखादा दिवस असेलच, गणपती, जत्रा, वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, काहीही. तोच धरा.

मांडणी सोपी ठेवा. बैठकीच्या खोलीतलं फर्निचर एका बाजूला सारायचं, भिंतीला दोरी बांधायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कागद, फोटो, कापड लटकवायचं. जड वस्तू सतरंजीवर. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फिके दिसतात, म्हणून पिवळा बल्ब बाजूने लावा. वाकळेचे टाके बाजूच्या उजेडातच उठून दिसतात. रांगोळी घरात आणता येत नाही. नंदीध्वजांच्या (यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच, सजवलेल्या काठ्यांच्या) मार्गावर अक्का जी रांगोळी काढतात ती मिरवणूक गेली की पुसली जाते, त्यामुळे तिचा फोटो आम्ही मिरवणूक यायच्या आधीच स्टुलावर चढून, सरळ वरून काढतो. आणि दुसरा फोटो त्यांच्या हातांचा, चिमटीतून रांगोळी सुटताना. अक्कांना तो दुसराच जास्त आवडतो.

प्रत्येक कामाशेजारी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा ठेवा. त्यावर करणाऱ्याचं पूर्ण नाव, आडनावासकट. ‘बंडूची बायको’, ‘ताईंची सून’ असं अजिबात नाही. खाली कामाचं नाव, किती दिवस लागले, कशाचं केलं, आणि करणाऱ्याच्याच तोंडचं एक वाक्य. आत्याच्या वाकळेजवळच्या पुठ्ठ्यावर असं लिहिलं होतं: ‘सात जुनी लुगडी, दोन उन्हाळे. मधलं हिरवं आईचं.’ ते वाचून माझे दोन्ही काका बराच वेळ तिथेच उभे राहिले. आईचं लुगडं त्या वाकळेत आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

बोलायचं कुणी? आधी करणाऱ्याने, त्याला हवं असेल तर. मग ज्याला त्या कामातलं थोडं कळतं अशा एकाने. बस्स. अण्णांचा एकदा बाहेर सत्कार झाला होता. अडीच तास ते स्टेजवर बसून होते, भाषणं झाली, मानपत्रावर आडनाव चुकलेलं होतं आणि त्यांना दोन शब्द बोला असं कुणी म्हटलं नाही. घरी येऊन त्यांनी शाल घडी करून कपाटात ठेवली ती आजवर बाहेर काढलेली नाही. शाल, श्रीफळ, फेटा या आपल्या गोष्टी आहेत, त्या अवश्य करा. पण ज्याचा सत्कार त्याला आधी बोलू द्या, आणि नावाचं स्पेलिंग, काना-मात्रा त्याच्याकडूनच तपासून घ्या.

काहींना चार लोकांसमोर कौतुक सोसत नाही. मावसभाऊ त्यातला. त्याला पुढे बोलवत नाही. त्याला मी पत्र लिहिते, हाताने, पानभर. त्याने ती पत्रं हलगीच्या पिशवीत ठेवली आहेत असं त्याच्या बायकोने सांगितलं.

मुलांच्या बाबतीत नंबर लावू नका. चार मुलं असली की कुणाचं चित्र जास्त चांगलं हे मोठ्यांच्या तोंडून सुटतंच, आणि ते शब्द मुलांना वर्षानुवर्षं आठवतात. आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बक्षीस 10 लाख डॉलरचं होतं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटायचं जाहीर केलं. मी ही गोष्ट घरातल्या पोरांना दरवर्षी सांगते. आता जो कुणी शाळेत बक्षीस मिळवतो तो त्या संध्याकाळी दुसऱ्या भावंडाचं काम सगळ्यांना समजावून सांगतो. पहिल्या वर्षी पोरं लाजत होती, आता त्यासाठी आधीपासून तयारी करतात.

पैशाचंही स्पष्ट बोलते. मैत्रीण केक करते, भाचा फोटो काढतो, वहिनी ब्लाउजवर आरीवर्क करते, तर घरचंच माणूस म्हणून फुकट मागू नका आणि ‘घरच्यांना कमी लाव’ असंही म्हणू नका. बाहेरच्याला जो भाव तोच द्या, वेळेवर द्या. आणि चार जणांना त्यांचं नाव सांगा. कलेवर ज्याचं घर चालतं त्याला याहून मोठं कौतुक नाही.

जेवण साधंच असतं: बाजरीची कडक भाकरी, भज्जी, शेंगा चटणी, दही, आणि संक्रांतीच्या शेंगापोळ्या उरलेल्या असतातच. फक्त एवढं पाहा की जिचं काम भिंतीवर आहे ती स्वयंपाकघरात अडकून पडू नये. त्या दिवशी भाकऱ्या थापण्याचं काम दुसऱ्यांकडे द्या किंवा विकत आणा. बायकांच्या कामाचं कौतुक बहुतेक घरांत याच एका कारणामुळे राहून जातं.

कार्यक्रमानंतर कागद जपायला हवेत. जुन्या कागदाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तो पिवळा, चिकट होतो आणि कागद फाडूनच निघतो. लॅमिनेशनही नको, ते परत काढता येत नाही. दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन येणार नाही अशा जागी कागद सपाट ठेवून वरून फोटो घ्या, मग सुती कापडात गुंडाळून आडवे ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको. सोलापूरच्या मे महिन्यात तिथे कागदाचा पापड होतो. अण्णांचे अकरा ग्राफ असेच कडा तुटून गेले.

पहिल्या वर्षीची गोष्ट सांगायची राहिली. अण्णांच्या नक्षीची एक चादर मला आत्याच्या ट्रंकेत सापडली, जोडमोराची, जवळजवळ कोरी. मी पांढऱ्या कापडाची बोटभर पट्टी घेतली, तिच्यावर लाल दोऱ्याने ‘नक्षी’ असं लिहून पुढे अण्णांचं पूर्ण नाव भरलं आणि ती चादरीच्या कोपऱ्यात शिवली. संध्याकाळी चादर दोरीवर टाकली. अण्णा जवळ गेले. आधी त्यांनी मोराच्या मानेवरून हात फिरवला, मग चादर उलटी करून मागची बाजू पाहिली, मग कोपऱ्यातली पट्टी वाचली. खोलीत कुणी बोलत नव्हतं.

‘पंचिंग कुणी केलं ते नाही लिहिलीस,’ अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

‘मला माहीत आहे की.’ त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्या माणसाचं दाजी पेठेतलं घरही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं रिक्षाने तिथे गेलो. ते स्वतः आता नाहीत, त्यांचा मुलगा भेटला. वडील कारखान्यात होते एवढंच त्याला ठाऊक होतं. अण्णांनी पिशवीतून चादर काढून त्याच्या मांडीवर पसरली आणि मोराच्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘हा डोळा तुझ्या वडलांनी तीनदा पाडला. दोनदा चुकला म्हणून पुठ्ठे फेकून दिले.’

त्याने नाव कसं लिहायचं ते मला कागदावर लिहून दिलं. पट्टीवर जागा उरली नव्हती, म्हणून घरी आल्यावर मी तिच्याखाली दुसरी पट्टी शिवली.