तेरा वर्षांच्या मुलासाठी पत्त्यांचा पहिला फॅन्टसी खेळ कसा निवडावा

मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की बदाम सात आणि झब्बू त्याला पोरकट वाटू लागतात, आणि नेमके त्याच सुमारास शाळेतल्या कोणाच्या तरी दप्तरातून आग ओकणारा ड्रॅगन छापलेले एखादे पान घरात शिरते. त्यानंतर "मलाही तो खेळ हवा" ही मागणी यायला फार दिवस लागत नाहीत. खरेदीला निघालेल्या मोठ्या माणसाची मात्र पंचाईत होते, कारण सगळ्याच खोक्यांवरची चित्रे सारखीच देखणी असतात आणि आतला खेळ कसा आहे याचा चित्रांवरून काहीच अंदाज येत नाही. आठवीतल्या भाच्यासाठी असा खेळ निवडताना मी एकदा चांगलाच चुकलो. पुढे जे लिहिले आहे त्यातले निम्मे त्या चुकीने शिकवलेले आहे.

सर्वांत आधी विचारायचा प्रश्न खेळाबद्दलचा नाही, तो घराबद्दलचा आहे: समोर कोण बसणार? मेंढीकोटाला चार भिडू लागतात हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण फॅन्टसी पत्त्यांचे बहुतेक नामांकित खेळ दोघांचे असतात आणि त्यात समोरच्यालाही नियम तितकेच यावे लागतात, हे खरेदीच्या वेळी हमखास विसरले जाते. वर्गातली चार मुले पोकेमॉन खेळत असतील तर पोकेमॉनच घ्यावा. दुसरा खेळ कितीही सरस असला तरी तो कपाटातच राहील. पण माझ्या भाच्यासारखे ज्याच्या समोर धाकटी बहीण, आई आणि रविवारी मेंढीकोटाचा डाव मांडणारे आजोबा एवढेच भिडू आहेत, त्याच्यासाठी हिशेब वेगळा करावा लागतो. तिथे दहा मिनिटांत समजावता येईल आणि पाऊण तासात संपेल असाच खेळ टिकतो.

दुसरा प्रश्न खेळ विकला कसा जातो हा आहे. पत्त्यांचा कॅट एकदा आणला की बावन्न पाने आणि जोकर मिळून काम भागते, ही आपली सवय. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' बाजारात आला आणि ही रीत बदलली. या प्रकारात पाने बंद पाकिटांतून विकली जातात, पाकिटात काय निघेल ते आधी कळत नाही, आणि जमलेल्या पानांतून प्रत्येकाने आपला स्वतंत्र कॅट बांधायचा असतो. त्या कॅटला खेळणारे 'डेक' म्हणतात. पोकेमॉन आणि यू-गी-ओ हे त्याच जातीचे. दुसऱ्या प्रकारात एकाच खोक्यात सगळ्यांना पुरतील एवढी पाने असतात आणि त्यावर आणखी काही घ्यावे लागत नाही.

माझी चूक इथेच झाली. भाच्याच्या वाढदिवसाला मी एका खेळण्यांच्या दुकानातून पोकेमॉनची सहा बंद पाकिटे उचलली आणि फार छान भेट आणली अशा समजुतीत कोल्हापूरच्या राजारामपुरीत ताईच्या घरी पोहोचलो. पाकिटे फोडण्यात पाच मिनिटे बहार आली. मग चटईवर पाने मांडली, तेव्हा लक्षात आले की दुसऱ्या टप्प्यापर्यंत वाढलेले दोन पोकेमॉन आहेत पण ज्यांच्यापासून ते वाढतात ते मूळचे पान एकही नाही, आणि हल्ला करायला लागणारी एनर्जीची पाने बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. पोकेमॉनच्या एका डेकमध्ये बरोबर ६० पाने लागतात आणि दोघांना खेळायचे तर असे दोन डेक हवेत, हे मला त्या संध्याकाळी नियम वाचताना कळले. आजोबांनी एक पान चष्म्याजवळ धरून पाहिले आणि विचारले, "हुकूम कुठला, हे तर सांगा आधी." त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

म्हणून पहिली खरेदी नेहमी तयार, दोन्ही बाजूंची पाने असलेल्या खोक्याची करावी, आणि सुटी पाकिटे निदान दोन-तीन महिने दूर ठेवावीत. पाकीट फोडण्याची हौस ही खेळापेक्षा वेगळी हौस आहे आणि ती भागवायला पैसे फार लागतात. पूर्ण संचाची कल्पना आपल्याकडे परकी नाही. कोल्हापुरातून घाट उतरून सावंतवाडीला गेलात तर तिथे आजही हाताने रंगवलेला दशावतारी गंजिफा पाहायला मिळतो: १२० गोल पाने, मत्स्य-कूर्मापासून दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. मासा, कासव, वराह, नृसिंह असलेला तो संच पाहिला की फॅन्टसी पत्ते ही परदेशी टूम आहे असे म्हणायला जीभ रेटत नाही.

घरातल्या घरात खेळायचे असेल तर माझी पहिली पसंती 'हीरो रेल्म्स' या खेळाला आहे. खोके लहान आहे, दोन ते चार जण खेळू शकतात, खोक्यावर वय बारा वर्षांपुढे असे दिलेले असते, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांची सुरुवात सारख्याच दहा पानांनी होते, त्यामुळे कोणाचा डेक भारी हा वाद उद्भवत नाही. या दहांत सात पाने सोन्याच्या नाण्याची असतात, एक माणिक दोन नाण्यांचे काम करते, आणि उरलेल्या दोघांत एक आखूड तलवार व एक खंजीर. मध्ये बाजाराची पाच पाने उघडी मांडलेली असतात. आपल्या पाळीला पाच पाने हातात येतात. नाण्यांनी बाजारातले पान विकत घ्यायचे आणि शस्त्रांनी समोरच्याचे ५० पैकी प्राण कमी करायचे, एवढाच मूळ खेळ आहे.

यातली खरी गंमत विकत घेतलेल्या पानात आहे, आणि ती शिकवताना एक हात प्रत्यक्ष खेळून दाखवावा. समजा, हातात चार नाणी आणि एक खंजीर आले. चार किमतीचा एखादा योद्धा विकत घेतला, तर तो लगेच हातात येत नाही. तो टाकलेल्या पानांच्या गठ्ठ्यात जातो. खंजिराने समोरच्याचा एक प्राण जातो, आणि हातातली उरलेली पानेही त्याच गठ्ठ्यात पडतात. गड्डी संपली की तो गठ्ठा पिसून नवी गड्डी होते, आणि आता त्या दहा पानांत योद्धा मिसळलेला असतो. म्हणजे आज घेतलेले पान दोन पाळ्यांनंतर कामाला येते. तेरा वर्षांच्या मुलाला हे उधारीचे गणित पहिल्याच डावात कळते. भाच्याला तिसऱ्या पाळीला कळले आणि त्यानंतर त्याने नाणी देणारी पाने विकत घेणे बंद करून एकाच रंगाची पाने जमवायला घेतली. बाजारातल्या पानांचे चार पंथ, म्हणजे चार रंग, असतात, आणि एकाच पंथाची दोन पाने एका हातात आली तर अनेक पानांची ताकद वाढते. आजोबांना हे सांगावे लागले नाही. त्यांच्या भाषेत तो हुकूम झाला, आणि दुसऱ्या डावात त्यांनी नातवाला हरवले.

शाळेत पोकेमॉनचा जोर असेल तर 'बॅटल ॲकॅडमी' नावाचे खोके पाहावे. त्यात ६० पानांचे तीन तयार डेक, पाने कुठे ठेवायची ते दाखवणारा पट आणि पहिला डाव पायरीपायरीने खेळवून दाखवणारी पुस्तिका असते. बाजूला ठेवलेली सहा बक्षीस-पाने आधी संपवणारा जिंकतो, एका पाळीत हातातून एकच एनर्जी लावता येते, आणि हल्ल्याला किती एनर्जी लागेल ते पानावरच चिन्हांनी छापलेले असते. इंग्रजी वाचायला कच्च्या मुलालाही चिन्हे कळतात, हा पोकेमॉनचा मोठा गुण. मात्र नशिबाचा भाग बराच आहे, नाणेफेकही पुष्कळ होते, त्यामुळे बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाला तो थोड्याच दिवसांत कमी पडू शकतो.

'मॅजिक' हा या सगळ्यांत खोल खेळ आहे आणि त्याचे वय तेरापासून पुढे धरतात ते योग्यच आहे. प्रत्येकाचे २० प्राण, सुरुवातीला सात पाने, पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा असे पाच रंग आणि प्रत्येक रंगाचा वेगळा स्वभाव. जादू करायला जी शक्ती लागते ती जमिनीच्या पानांतून येते आणि एका पाळीत साधारणपणे एकच जमीन मांडता येते. नवख्याचा विरस इथेच होतो: कधी हातात नुसत्याच जमिनी येतात, कधी एकही येत नाही, आणि मूल काही न करता हरते. मेंढीकोटात एकही दश्शी न आलेल्या माणसाला जसे बसून राहावे लागते तसाच तो प्रकार, फक्त इथे भिडू सावरायला नसतो. घ्यायचाच असेल तर दोन तयार डेक असलेला 'स्टार्टर किट' घ्यावा आणि मोठ्यांपैकी एकाने आधी दोन डाव स्वतः खेळून पाहावेत. ज्या मुलाला नियम उकलण्यातच रस आहे त्याला मात्र याची गोडी लागली की दुसरे काही रुचत नाही.

यू-गी-ओ पहिला खेळ म्हणून मी सुचवणार नाही. त्यात जमीन किंवा एनर्जीसारखा खर्चाचा लगाम नाही, एका पाळीत एकामागून एक दहा गोष्टी घडू शकतात, आणि पानांवरचा मजकूर इतका बारीक व लांबलचक असतो की समोरचा काय करतो आहे हे नवख्याला समजतच नाही. 'मंचकिन' तीन ते सहा जणांचा, एकमेकांच्या पायात पाय घालण्याचा धमाल खेळ आहे, दहाव्या पातळीला पोहोचणारा जिंकतो. पण त्याची निम्मी गंमत इंग्रजी कोट्यांत आहे आणि त्या मराठीत समजावून सांगताना विनोद मरतो. तो दहावी-अकरावीतल्या टोळक्यासाठी राखून ठेवावा.

भाषेचा मुद्दा त्यातूनच निघतो आणि तो गंभीर आहे, कारण यातली जवळपास सगळी पाने इंग्रजीत असतात. खेळ मागवण्याआधी त्याच्या पाच-सहा पानांची छायाचित्रे फोनवर उघडावीत आणि मुलाला एकेक पान वाचून "हे पान काय करते, मराठीत सांग" असे म्हणावे. सहापैकी चार पाने नीट सांगता आली तर खेळ चालेल. उरलेले शब्द खेळता खेळता येतात, आणि सेमी-इंग्रजीत शिकणाऱ्या भाच्याला 'डिस्कार्ड' व 'सॅक्रिफाइस' हे शब्द पाठ्यपुस्तकाआधी या पानांनी शिकवले. दोनच सांगता आली तर कमी मजकुराचा खेळ निवडावा. मॅजिक आणि पोकेमॉन या दोघांचेही फोनवर फुकट खेळता येणारे अधिकृत ॲप आहेत व त्यांत शिकवणीचे डाव असतात, त्यामुळे पैसे खर्चण्याआधी आवड तपासता येते. फक्त ॲपमधून खरेदी होणार नाही असे कुलूप फोनला आधी लावावे.

कोल्हापुरात हे खेळ प्रत्येक दुकानात मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये; बहुतेक वेळा ऑनलाइन मागवावे लागतात किंवा पुण्याला जाणाऱ्या कोणाला तरी सांगावे लागते. जत्रेत आणि रस्त्यावर जे सोनेरी, चकचकीत पोकेमॉनचे गठ्ठे अगदी स्वस्तात मिळतात ते नकली असतात. पान उजेडासमोर धरून पाहावे: खऱ्या पानाच्या आत काळसर थर असतो, म्हणून उजेड फारसा आरपार येत नाही, नकली पान पातळ असते, पाठीचा निळा रंग फिका असतो आणि मजकुरात स्पेलिंगच्या चुका सापडतात.

पानांबरोबर प्लास्टिकची पारदर्शक आवरणे लगेच मागवावीत, कारण आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत पाने दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि चमकी असलेली पाने तर धनुष्यासारखी वाकतात. मॅजिक, पोकेमॉन आणि हीरो रेल्म्सची पाने ६३ बाय ८८ मिलिमीटरची असतात, यू-गी-ओची त्याहून लहान, ५९ बाय ८६. आवरणे घेताना हे माप पाहिले नाही तर ती परत पाठवावी लागतात. ठेवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा उत्तम. ताईने फराळाचा एक डबा त्यासाठी दिला आहे आणि पाने बाहेर काढली की त्यांना अजून किंचित चिवड्याचा वास येतो.

भेट द्यायची असेल तर आदल्या संध्याकाळी खोके स्वतः उघडावे, सुरुवातीची पाने वेगळी करून ठेवावीत आणि एक डाव दोन्ही बाजूंनी एकट्यानेच खेळून पाहावा. वाढदिवसाच्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत, केक कापून झाल्यावर, बारा पानी नियमपुस्तिका मोठ्याने वाचत बसण्याची वेळ माझ्यावर आली होती. तोवर मुले खाली क्रिकेट खेळायला निघून गेली होती. या खेपेला पाने आधीच वाटून ठेवली होती, म्हणून भाच्याने हात धुऊन येताच थेट पहिली उतारी केली.