लिनक्सवर आरमध्ये एक्सेल वाचताय? या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी लॅपटॉप घेऊन येतं, "सर, जावाचा एरर येतोय." अरे, आर या आकडेमोडीच्या भाषेत शीट वाचायला जावा ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा कशाला? जुन्या ट्युटोरियलमधून एक्सएलएसएक्स पॅकेज उचलायचं, मग आरला जावाशी जोडणारं आरजावा, मग जावाचं जेडीके, संध्याकाळ झाली तरी फाईल उघडलेली नसतेच. रीडएक्सएल पॅकेज घ्या, जावा-पर्ल अशी दुसरी कुठली भाषा लागत नाही. उबुंटू या लिनक्सवर 'आर-क्रॅन-रीडएक्सएल' एपीटी या इन्स्टॉलरनेच येतं.

आता माझी लाडकी चूक, कारण ती मीच केलीये. शेतकऱ्यांच्या सर्व्हेची फाईल होती, वरची हजार-बाराशे नावं कोरडवाहू गावांची, त्यामुळे 'रब्बी पीक' कॉलम तिथपर्यंत रिकामा. रीडएक्सएल कॉलमचा प्रकार ठरवायला पहिल्या 1000 ओळीच बघतं, सगळं रिकामं दिसलं की लॉजिकल, म्हणजे फक्त खरं-खोटं, धरतं, आणि खाली 'हरभरा', 'ज्वारी' आली की एनए, म्हणजे 'माहिती नाही'. वॉर्निंगा ढीगभर आल्या होत्या, मी शहाण्याने सप्रेसवॉर्निंग्ज लावून गप्प केल्या! रिपोर्टमध्ये लिहिलं, रब्बी कोणीच घेत नाही. मीटिंगमध्ये एक काका शांतपणे म्हणाले, "मग माझ्या रानात काय उगवलंय?"

गेस_मॅक्स, म्हणजे प्रकार ठरवायला किती ओळी बघायच्या तो आकडा, वाढवूनही भागतं, पण मी तेव्हापासून कॉल_टाइप्स, म्हणजे कॉलमचे प्रकार, सरळ 'टेक्स्ट' देतो आणि एकेक कॉलम हाताने बदलतो. वेळ जातो, जाऊ दे. याची एक किंमत आहे, तारखा आकडे होऊन येतात, 1 जानेवारी 2024 म्हणजे 45292. अ‍ॅज.न्यूमरिक करून अ‍ॅज.डेटला ओरिजिन, म्हणजे दिवस जिथून मोजायचे ती तारीख, 1899-12-30 द्या. 1900-01-01 देऊन दोन दिवस पुढे गेलेले खूप बघितलेत.

बाकीच्या भराभर. विंडोजवर चालणारी स्क्रिप्ट इथे 'फाईल नाही' म्हणते, कारण नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक लिनक्सला कळतो. फोल्डरभर फाईली लूपमध्ये वाचताना '~$' ने सुरू होणाऱ्या गाळा, त्या एक्सेलच्या लॉक फाईली असतात. मर्ज केलेल्या सेलमध्ये फक्त पहिल्याला व्हॅल्यू, बाकी एनए. कोणी देवनागरीत १२५ टाइप केलं असेल तर आधी चार्टर हे अक्षरं बदलणारं फंक्शन मारून आकडे बदला.

आणि गट नंबरच्या कॉलममध्ये 45303 दिसला तर घाबरू नका, कोणीतरी 12/1 टाइप केलंय आणि एक्सेलने त्याची 12 जानेवारी करून टाकलीये. त्याला आरमध्ये इलाज शोधू नका, ज्याने फाईल भरली त्याला फोन लावा.