सोळाव्या शतकातील पॉलिफनीसाठी छोटा कॉयर कसा उभारावा

जोस्कँ, टॅलिस, पालेस्त्रिना, व्हिक्टोरिया, बर्ड या युरोपीय संगीतकारांची पॉलिफनी, म्हणजे अनेक स्वतंत्र आवाज एकत्र गुंफणारे चर्चसंगीत, गाण्यासाठी मोठ्या कॉयरची (गायकवृंदाची) गरज नसते. किंबहुना मोठा कॉयर तेथे अडचणच ठरतो. या संगीतात एक चाल आणि तिला साथ अशी मांडणी नसते. चार, पाच किंवा सहा आवाज समान अधिकाराने चालतात आणि एका आवाजाने मांडलेली स्वरावली थोड्या वेळाने दुसरा उचलतो. त्यामुळे प्रत्येक आवाजाची ओळ स्वतंत्रपणे ऐकू येते की नाही, हाच तयारीचा निकष मानावा.

पीटर फिलिप्स यांनी १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन केलेला ‘टॅलिस स्कॉलर्स’ हा वृंद सहसा दहा गायकांचा, म्हणजे पाच ओळींच्या रचनेत ओळीला दोघे असा असतो. नव्या वृंदानेही हेच प्रमाण धरावे. ‘हिलियर्ड एन्सेम्बल’ने ओळीला एकेकच गायक ठेवून ४० वर्षे उत्तम काम केले हे खरे, पण दोघे असले की आळीपाळीने श्वास घेता येतो आणि लांब ओळ तुटत नाही. निवड करताना आवाजाच्या ताकदीपेक्षा त्याचा सरळपणा पाहावा, कारण ऑपेराच्या धाटणीच्या मोठ्या कंपामुळे शेजारच्या ओळी झाकोळतात. वसई, मुंबई किंवा गोव्यात चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेले आणि स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारे गायक मिळू शकतात. तेथूनच सुरुवात करणे शहाणपणाचे. त्या काळी वरच्या ओळी मुले किंवा फॉल्सेटो (नेहमीच्या पट्टीहून उंच, बारीक) आवाजात गाणारे पुरुष गात असत. आज सोप्रानोच्या (सर्वांत वरच्या आवाजाच्या) जागी स्त्रिया असण्यात मला काहीच वावगे वाटत नाही. आल्टोची (सोप्रानोच्या खालच्या आवाजाची) ओळ मात्र अनेकदा इतकी खाली उतरते की तेथे एखादा उंच पट्टीचा टेनर (पुरुषांच्या वरच्या आवाजाचा गायक) उपयोगी पडतो.

पहिली रचना म्हणून व्हिक्टोरियाचे १५७२ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ओ माग्नुम मिस्टेरिउम’ हे चार आवाजांचे, नाताळच्या प्रार्थनेवरील मोटेट (लॅटिन धार्मिक संहितेवरील बहुआवाजी रचना) घ्यावे. सोप्रानो पंचमाने खाली येऊन परत वर जाते आणि आल्टो तीच आकृती खालच्या पट्टीत उचलते, त्यामुळे अनुकरणाचे तत्त्व गायकांना लगेच उमगते. त्यानंतर बर्डचे ‘आवे वेरुम कॉर्पुस’ शिकवावे. टॅलिसच्या ४० आवाजांच्या ‘स्पेम इन आलिउम’चा मोह काही वर्षे तरी टाळलेला बरा.

या रचनांच्या प्रती ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’वर विनामूल्य मिळतात, परंतु त्यांचा दर्जा संपादकानुसार बदलतो. स्वराच्या डोक्यावर छापलेली तीव्र-कोमल चिन्हे ही बहुधा संपादकाचे मत असतात, म्हणून ती स्वीकारायची की नाही हे पहिल्या तालमीआधीच ठरवावे. मूळ गायकांसमोर फक्त आपापल्या ओळीची पोथी असे आणि तिच्यात आजच्यासारखे मात्राविभाग दाखवणारे उभे दंड नसत. आधुनिक प्रतीतील दंड पाहून प्रत्येक विभागाच्या पहिल्या मात्रेवर जोर देण्याची खोड लागते आणि संगीत कवायतीसारखे वाजू लागते. आघात लॅटिन शब्दावर पडला पाहिजे, दंडानंतरच्या स्वरावर नव्हे. यासाठी संहिता आधी न गाता सर्वांनी मोठ्याने वाचावी आणि मग प्रत्येक ओळ सगळ्यांनी गावी, म्हणजे टेनरला बासची (सर्वांत खालच्या आवाजाची) ओळही ठाऊक होते.

सर्वाधिक वेळ स्वर जुळवण्यावर खर्च करावा, आणि तेथे पियानो बंद ठेवावा. पियानोवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. त्याच्या आधाराने शिकलेला कॉयर शेवटच्या दीर्घ स्वरमेळावर कधीच पूर्णपणे स्थिरावत नाही. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हाच येथे हवा असलेला गंधार आहे, त्यामुळे तानपुऱ्यावर षड्ज धरून बासने षड्ज, टेनरने पंचम आणि आल्टोने गंधार लावण्याचा सराव आपल्याकडच्या गायकांना चटकन साधतो. मात्र तो केवळ सरावापुरता ठेवावा, कारण पॉलिफनीत आधारस्वर सतत बदलत असल्याने संपूर्ण रचनेला एकच षड्ज चालत नाही.

लय शांत माणसाच्या नाडीइतकी ठेवावी आणि ‘ओ माग्नुम मिस्टेरिउम’च्या शेवटी ‘आलेलुया’चा त्रिमात्रिक भाग आला की आधीच्या लयीशी त्याचे नाते आधीच ठरवून घ्यावे. सादरीकरणासाठी दगडी भिंतींचे, उंच छताचे चर्च शोधावे व एक तालीम तेथेच घ्यावी. घुमारा जास्त असेल तर लय किंचित उतरवावी आणि शब्दांच्या शेवटची व्यंजने सर्वांनी एकाच क्षणी सोडावीत. संहिता प्रार्थनेच्या असल्याने कार्यक्रमाचा दिवस चर्चच्या वर्षचक्राशी जुळवून धर्मगुरूंशी आधी बोलून घ्यावे आणि श्रोत्यांच्या हाती लॅटिन ओळींशेजारी मराठी अर्थ छापलेले पान द्यावे.